सर्व्हर गेला तो शनिवार

शनिवारी सकाळी ऑफिसचा जिना चढतानाच बार्बा बेर्तोंचा आवाज कानावर आला आणि रात्रीत काही सुधारलेलं नाही हे मला कळलं.

आदल्या संध्याकाळी बुरा नावाचा वारा सुटला होता. डोंगरावरून क्रोएशियातल्या आमच्या रियेका बंदरावर कोसळणारा हा वारा आम्हाला नवा नाही. धक्क्यावरच्या कचरापेट्या समुद्रात जातात, म्हातारी माणसं दिव्याचे खांब धरत धरत घर गाठतात. पण या वेळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि असा खेळ बराच वेळ चालला. शेवटी ती टिकली तेव्हा ऑफिसातले सगळे दिवे लागले, कॉफीचं यंत्रसुद्धा गुरगुरलं, फक्त मेल सर्व्हर उठला नाही.

आमची कंपनी जहाजांना माणसं पुरवते. खलाशी, इंजिनीयर, आचारी, जे लागेल ते. नाव 'बोनात्सा', म्हणजे निवांत समुद्र. त्या दिवशी हे नाव कुणी उच्चारलं असतं तर बार्बांनी त्याला खिडकीतून खाली टाकलं असतं. बार्बा म्हणजे आमच्याकडे काका. जुन्या कप्तानाला सगळे असंच म्हणतात. बेर्तो मारुनिच हे आमचे मालक, उभं आयुष्य जहाजावर काढलेले, आणि ऑफिसलाही अजून जहाजच समजणारे. मी एस्तेर. कोण कुठल्या विमानाने कुठल्या बंदरात जाणार, ते सगळं माझ्याकडे.

सर्व्हरच्या कपाटाएवढ्या खोलीत निवेस जमिनीवर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, शेजारी विझलेला सर्व्हर. उन्हाळ्यात लागलेली ही मुलगी, फार बोलत नाही, पण काम चोख. रात्रभर घरी गेलेली दिसत नव्हती.

"दोन्ही डिस्क गेल्या," ती म्हणाली. "एक गेली तर दुसरी असावी म्हणून दोन ठेवतात. दोन्ही एकदम गेल्या."

"आणि बॅकअप?"

"बॅकअप आहे," ती म्हणाली, आणि ते अशा आवाजात म्हणाली की मला पुढचं विचारायची भीती वाटली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दुयो. आमचा जुना इंजिनीयर, दोन खलाशांना घेऊन ओरानला जहाजावर चढायला निघालेला. अल्जीरियात उतरून त्यांना तासभर झाला होता.

"एस्तेर, आम्हाला विमानतळावर एका खोलीत बसवलंय," तो म्हणाला. "आमची हमी घेतल्याचं एजंटचं पत्र म्हणे यांच्या टेबलावर पोचलेलं नाही. तू मला पाठवलं होतंस ना?"

"गुरुवारीच पाठवलं."

"पण माझी मेल उघडत नाहीये."

कशी उघडणार? त्याची मेल इथेच होती, निवेसच्या शेजारी विझून पडलेल्या त्या पेटीत. माझ्या कॉम्प्युटरवरही प्रत नव्हती. मागे एकाचा लॅपटॉप चोरीला गेला, तेव्हापासून सगळ्यांची मेल फक्त सर्व्हरवरच राहील अशी व्यवस्था केली होती.

"त्या एजंटला फोन कर की," दुयो म्हणाला.

"सकाळपासून करतेय. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. कोणी उचलत नाही."

तो हळू आवाजात म्हणाला, "हा साहेब म्हणतोय, संध्याकाळच्या विमानाने परत पाठवू. आणि एस्तेर, पोरं घाबरलीत. धाकटा पहिल्यांदाच निघालाय. काहीतरी कर."

फोन ठेवला तर दारात बार्बा. त्यांच्या मागे खालच्या दुकानातला कॉम्प्युटरवाला, हातात हत्यारांची पेटी.

"याला बघू दे," बार्बा म्हणाले. "हा म्हणतो, डिस्क पुसून नव्याने बसवल्या तर दुपारपर्यंत मशीन उभं राहील."

निवेस उठली आणि सर्व्हरच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "मशीन उभं राहील, पण रिकामं. बार्बा, बॅकअप गुरुवार रात्रीचा आहे. शुक्रवारचं जे काही आलं ते फक्त या डिस्कवर आहे. झाग्रेबला डिस्कमधून माहिती काढणारे लोक आहेत, त्यांच्याकडे सोमवारी पाठवायच्या. तोवर यांना कोणी हात लावायचा नाही. नवं मशीन मी मागवलंय, तासाभरात येईल, बॅकअप त्याच्यावर उतरवायचा."

"मग उतरव ना. वाट कसली बघतेस?"

"त्याला कुलूप आहे."

मग तिने सांगितलं. रोज रात्री सर्व्हर स्वतःची प्रत काढायचा, दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा आणि तिला पासवर्डचं कुलूप लावायचा, म्हणजे ती डिस्क चोरीला गेली तरी कोणाला वाचता येऊ नये. तो पासवर्ड सर्व्हरच्याच पोटात ठेवलेला होता. निवेस दर महिन्याला बॅकअपमधून चार-दोन मेल काढून बघायची, नीट निघतात ना म्हणून. नीट निघायच्या. कारण बघायची ती त्याच सर्व्हरवर.

"किल्ली दारालाच लटकलेली होती," ती म्हणाली. "रोज दार उघडत होतं, म्हणून ती काढून खिशात ठेवायची मला बुद्धीच झाली नाही. आता दारच जळलं."

"कुलूप लावलं कोणी?" बार्बांनी विचारलं. उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं.

लिव्हिओ सुपेरिना. वीसेक वर्षं आमचे कॉम्प्युटर त्यानेच सांभाळले. मागच्या वसंतात एका सकाळी कॉफी घेताना त्याच्या हातातून कप पडला, आणि मग तो स्वतः. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, हातपाय बरेचसे परत आले, पण शब्द गेले. सगळे गेले. एकच उरला, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, बायकोला, ओंदिनाला, हाक मारायची तरी बरं. बार्बांनी त्याचा पगार काही महिने चालू ठेवला, मग एक दिवस त्याच्या घरी नोकरी संपल्याचं दोन ओळींचं पत्र गेलं. स्वतः ते एकदाही गेले नाहीत. आजारी माणसं त्यांना बघवत नाहीत, असं ते म्हणायचे. जणू इतरांना बघवतात.

"त्याला फोन करा," बार्बा म्हणाले.

"काय बोलणार तो फोनवर?"

बार्बांनी खिशातून सिगारेट काढली आणि न पेटवता पुन्हा ठेवली. "मी येतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हणाले. "तुम्ही दिसलात तर ओंदिना दारसुद्धा उघडणार नाही."

गाडीत निवेसने बॅकअपची डिस्क मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी. लिव्हिओच्या घराकडे, त्रसातचा चढ चढताना वारा गाडीला बाजूने ढकलत होता.

"एस्तेरमावशी, हे बरोबर आहे का?" तिने विचारलं. "ज्या माणसाला बायकोचं नाव घेता येत नाही, त्याच्याकडे पासवर्ड मागायचा?"

"तुला दुसरं काही सुचतंय का?"

"नाही."

"मग चल."

ओंदिनाने दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा उजळला, मी अधूनमधून जायचे. मग तिची नजर निवेसच्या हातातल्या लॅपटॉपवर गेली आणि चेहरा मिटला.

"काम घेऊन आलीस होय," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ओरानच्या पोरांचंही सांगितलं. ती दाराला हात लावून ऐकत होती. आत रेडिओ चालू होता.

"डॉक्टर काय म्हणालेत माहितीये? याला चिडू देऊ नका. परवा 'चमचा' शब्द आठवेना म्हणून याने ताट फेकलं आणि मग तासभर रडला. आणि मी तुम्हाला आत घेऊ? बेर्तोच्या मेलसाठी?"

"बेर्तोसाठी नाही, ओंदिना."

"बेर्तोसाठी नाही म्हणतेस, पण पगार त्याचाच घेतेस."

मग निवेसच पुढे झाली. "मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही आत्ता जातो. पुन्हा विचारणार नाही."

तेवढ्यात ओंदिनाच्या मागे लिव्हिओ येऊन उभा राहिला. बारीक झाला होता, स्वेटर अंगावर लोंबत होता. त्याने ऐकलं होतं. ऐकलेलं सगळं त्याला समजायचं, पण लोक ते विसरायचे. त्याने बायकोच्या खांद्यावरून हात घालून निवेसच्या हातातली डिस्क घेतली, तिच्यावरची चिकटपट्टी न्याहाळली, अंगठ्याने पुसली, आणि स्वयंपाकघराकडे निघाला.

"बरं," तो आत जाता जाता म्हणाला.

ओंदिना बाजूला झाली. "पाणी प्यायला बसता, तेवढाच वेळ," ती म्हणाली. "मी थांबा म्हणाले की थांबायचं."

टेबलावर अर्धी निवडलेली पालेभाजी होती, ती तिने बाजूला सरकवली. निवेसने लॅपटॉप उघडला, डिस्क जोडली. पडद्यावर एक चौकोन आला, पासवर्ड मागणारा. तिने लिव्हिओसमोर कागद-पेन्सिलही ठेवलं. त्याने पेन्सिल धरली, एक उभी रेघ ओढली, मग त्या रेघेकडेच बघत बसला.

"लिहायचं नाही," निवेस पटकन म्हणाली आणि कागद उचलला. "लिव्हिओ, तुम्ही हा पासवर्ड किती वेळा टाकला असेल. आठवू नका. फक्त टाका."

त्याने हात कीबोर्डवर ठेवले. उजवा जरा उशिरा पोचला. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग एकदम दोन्ही हात धावले. इतक्या वेगाने, की मी त्या हातांकडे बघतच राहिले. चौकोनात काळे ठिपके भरत गेले. त्याने शेवटची कळ दाबली.

चुकीचा पासवर्ड.

पुन्हा. तोच वेग, तेवढेच ठिपके. चुकीचा पासवर्ड.

निवेस म्हणाली, "थांबा, मी अक्षरं दिसतील असं करते, कुठे चुकतंय ते कळेल." तिने ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसू दिली. आणि तिथेच बिनसलं. लिव्हिओने पहिलं अक्षर दाबलं, पडद्यावर ते पाहिलं, आणि त्याची बोटं हवेतच थांबली. तो त्या अक्षराकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. दुसरं अक्षर कुठलं ते त्याला कळेना. कपाळावर घाम आला. "बरं," तो म्हणाला. "बरं, बरं, बरं," आणि टेबलावर मूठ आदळली.

"झालं," ओंदिना म्हणाली. "उठा."

माझा फोन वाजत होता. दुयोच होता. मी उचलला नाही.

निवेसने लॅपटॉप बंद करायला हात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिने पडू दिलं नाही. "माफ करा, लिव्हिओ," ती म्हणाली. "तुमची चूक नाही. किल्ली सांभाळायचं काम माझं होतं."

लिव्हिओने तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडेना. दुसऱ्या हाताने तो लॅपटॉपच्या कळांवर टकटक करत होता, मग बायकोकडे बघून तोंड वाकडं करत होता, पुन्हा टकटक. जेवण आवडलं नाही की करावं तसं तोंड.

ओंदिना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलली. "त्याला हा कीबोर्ड नको आहे," ती म्हणाली. "याचं आयुष्यभराचं रडगाणं आहे ते. परदेशी कीबोर्ड दिला की म्हणायचा, यावर आपली अक्षरं नाहीत, माझी बोटं बोबडी होतात."

निवेस खुर्चीत बसली ती जवळजवळ कोसळलीच. "माझा इंग्रजी ठेवलाय," ती म्हणाली. "या कामात सगळे तसाच ठेवतात. कळांवर आपली अक्षरं छापलीत, पण आत भाषा इंग्रजी. झेडच्या जागी वाय उमटतो. डोक्यावर खुणा असलेली आपली टोपीवाली अक्षरं तर उमटतच नाहीत. मावशी, ते बरोबर टाकत होते. दोन्ही वेळेला बरोबर टाकत होते."

तिने भाषा बदलली. मी ओंदिनाकडे बघितलं. नाही म्हणायचा हक्क तिचाच होता, आणि ती खोलीबाहेर निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, आणि ती एक जाडजूड, पिवळट पडलेला कीबोर्ड घेऊन आली. वायर तिच्या ॲप्रनभोवती गुंडाळलेली.

"फेकून दे म्हणून किती वर्षं मागे लागले होते," ती म्हणाली. "घ्या. आणि ही अक्षरं झाका पडद्यावरची. त्याला अक्षरं दाखवू नका."

निवेसने पुन्हा ठिपके केले. मग काय वाटलं कोण जाणे, तिने लॅपटॉपचा पडदाच स्वतःकडे वळवला. लिव्हिओसमोर फक्त कीबोर्ड राहिला. ओंदिना त्याच्या मागे उभी राहिली, आणि तिने रेडिओचा आवाज वाढवला.

"तू बाहेर बघ," ती त्याला म्हणाली. "वाऱ्याने शेजाऱ्याची खुर्ची कुठे नेऊन टाकलीय बघ."

तो खिडकीकडे बघू लागला. हात कीबोर्डवर होते. बाहेर खरोखरच एक प्लास्टिकची खुर्ची अंजिराच्या झाडात अडकून हेलकावत होती. आणि तिच्याकडे बघता बघता त्याची बोटं चालली, त्या जाड कळांचा खडखडाट झाला, आणि थांबला.

मी निवेसच्या तोंडाकडे बघत होते. ती पडद्याकडे.

"तपासतंय," ती कुजबुजली. "नाही. उघडलं. मावशी, उघडलं."

लिव्हिओने मान वळवली. ओंदिनाने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले, आणि हनुवटी त्या हातांवर.

बाकीचं भराभर झालं. निवेसने गुरुवारच्या मेलमधून ओरानचं पत्र शोधून काढलं, मी ते फोनवरून दुयोला पाठवलं. मग आम्ही चौघं त्या फोनकडे बघत बसलो. ओंदिनाने मध्येच उठून सूप गरम केलं, कोणीच घेतलं नाही. शेवटी दुयोचा फोन आला.

"साहेब वाचतोय," तो म्हणाला. मागे कुणीतरी फ्रेंचमध्ये भांडत होतं. "शिक्का बघतोय. आता दुसऱ्या साहेबाला दाखवतोय." मग बराच वेळ नुसती खरखर. "एस्तेर, पासपोर्ट घेतले. शिक्के मारतोय. ऐकू येतंय का तुला?"

ऐकू येत होतं. तीन वेळा, लाकडावर हातोडी मारावी तसं.

निघताना निवेस लिव्हिओला म्हणाली, "पासवर्ड काय आहे ते मी बघणार नाही. बॅकअप उघडलाय, तेवढ्यात नव्या मशीनवर उतरवून घेते. पुढचं कुलूप नवं लावू, आणि त्याची किल्ली दोन ठिकाणी ठेवू." तिने हे त्याला सहकाऱ्याशी बोलावं तसं सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, आणि दोन बोटं वर केली. मग जरा विचार करून तिसरं.

"तीन ठिकाणी," निवेस म्हणाली. "खरं आहे."

लॅपटॉप तिने उघडाच धरून गाडीत नेला, वाटेत मिटून कुलूप पुन्हा लागू नये म्हणून. त्या दिवशी आणि रविवारी मेल नव्या सर्व्हरवर उतरत राहिल्या. निवेस खुर्चीतच झोपली. बार्बा चवड्यांवर चालत होते. त्यांना तसं चालताना मी प्रथमच पाहिलं. सोमवारी सकाळी सगळ्यांची मेल उघडली. शुक्रवारच्या मात्र आल्या नाहीत. झाग्रेबच्या लोकांनी त्या डिस्कमधून पुढे थोड्याफार काढल्या, बऱ्याच गेल्या त्या गेल्याच. मी आठवडाभर जगभरच्या एजंटांना 'पुन्हा पाठवा' म्हणून सांगत होते, आणि एका आचाऱ्याची नोकरी त्या गोंधळात दुसऱ्या कंपनीकडे गेली. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

निवेसने लिव्हिओला कामाच्या निमित्ताने पुन्हा त्रास दिला नाही. पण महिन्यातून एकदा, रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवून बघायचा दिवस असतो, तेव्हा ती ते मशीन गाडीत घालून त्रसातला जाते. तो शेजारी बसून बघतो. कुठे काही घाईने केलं की टेबलावर बोट आपटतो.

बार्बा पुढच्याच रविवारी लिव्हिओला भेटायला गेले. मी बरोबर होते, कारण एकट्याने जायची त्यांची छाती नव्हती. चांगला कोट घातलेला, हातात बाजारातून आणलेल्या ताज्या सार्डिन माशांची पिशवी. ओंदिनाने दार उघडलं आणि त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं.

"मी यायला हवं होतं," बार्बा म्हणाले. "तेव्हाच."

"हो," ओंदिना म्हणाली.

ते पुढे काही म्हणतील म्हणून ती थांबली. कप्तान असताना त्यांनी वादळात माणसांना हुकूम दिले होते, पण या दारात त्यांच्याकडे एक वाक्य नव्हतं. आतून लिव्हिओने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ओंदिनाने पिशवीत डोकावून पाहिलं.

"साफ न करताच आणलेत," ती म्हणाली.

आणि ती बाजूला झाली. मग सबंध दुपार बार्बा बेर्तो मारुनिच, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून, तिच्या मोरीशी उभे राहून मासे साफ करत होते. खवले सगळ्या कोटावर उडाले होते. लिव्हिओ शेजारी उभा राहून, नीट न झालेला मासा उचलून पुन्हा त्यांच्या हातात देत होता.